आर्गिरोच्या नावाचे गहू

कवालाच्या बंदरावर समुद्राकडे तोंड करून उभी असलेली हॉटेलं पुष्कळ आहेत, पण साध्या माणसाला परवडेल असं एकच आहे, ते आमचं. नाव 'अल्क्योनी'. तीन मजले, लिफ्ट नाही, गाद्या कडक, चादरी स्वच्छ. न्हाणीघरातला पडदा अंघोळ करताना अंगाला चिकटतो अशी तक्रार दर उन्हाळ्यात कोणीतरी करतंच, आणि दर उन्हाळ्यात मी विचारते की बाबा रे, तू पडद्यासाठी आलास की समुद्रासाठी? सकाळी न्याहारीला उकडलेलं अंडं, ऑलिव्ह, चीज, पाव आणि माझ्या हातचा अंजिराचा मुरंबा. मुरंब्याबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही. कोणी करून तर बघावी.

हॉटेल माझ्या सासऱ्यांचं, पण चालवते मी. माझा नवरा प्रोद्रोमोस भला माणूस आहे. इतका भला की गरम पाणी आहे का असं कोणी विचारलं तरी तो आधी विचारात पडतो. म्हणून स्वागताच्या टेबलामागे मी असते आणि तो दाराशी मित्रांबरोबर सोंगट्या खेळत बसतो. दोघांचीही सोय होते.

नोव्हेंबरात शहर आमचं आम्हाला परत मिळतं. पाहुणे गेलेले असतात, थासोस बेटाकडे जाणारी बोट अर्धी रिकामी सुटते, खानावळवाले खुर्च्या आत घेतात. अशाच एका शुक्रवारी दुपारी मिनास आला. साठीच्या घरातला, उंच, खांद्यात थोडा वाकलेला, दाढी पांढरी. एका हातात लहानशी बॅग आणि दुसऱ्या हातात हँगरला लावलेला काळा सूट, वर प्लास्टिकचं आवरण. बॅग त्याने खाली ठेवली. सूट ठेवला नाही.

"खोली पाहिजे," तो म्हणाला. "सगळ्यात स्वस्त. आणि मागच्या बाजूची."

"मागच्या बाजूची कशाला? समुद्राकडची देते की. सगळ्या रिकाम्याच आहेत, तेवढ्याच भाड्यात देईन."

"नको. मागून वरचं चर्च दिसतं का?"

"दिसतं. चर्च दिसतं, चर्चचं दार दिसतं आणि शेजारणीचे वाळत घातलेले लेंगे दिसतात."

"मग तीच द्या."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. माझ्या समुद्राला आजवर कोणी नको म्हटलेलं नव्हतं. मी हात पुढे केला आणि ओळखपत्र मागितलं. मिनास कारात्झास, राहणार पिरेअस, जन्म कवाला.

"अहो, तुम्ही तर इथलेच निघालात," मी म्हटलं. "आणि उद्या संत मिनास. म्हणजे उद्या तुमचा नामदिन."

आमच्याकडे वाढदिवस असतात ते लहान पोरांचे. मोठ्या माणसाचा खरा दिवस त्याच्या संताचा. त्या दिवशी आमंत्रण कोणालाच द्यायचं नसतं. ज्याला आठवण झाली तो येतो. आपण फक्त दार उघडं ठेवायचं आणि येईल त्याचं तोंड गोड करायचं. हॉटेलात उतरला म्हणून माणूस यातून सुटत नाही, निदान माझ्या हॉटेलातून तरी सुटत नाही. म्हणून मी विचारलं, "उद्या बिस्किटं मागवू का? बदामाची मिळतात, पिठीसाखरेत लोळवलेली."

"काही नको, किरिया आंथुला," तो म्हणाला. किरिया म्हणजे बाई, आणि माझं नाव त्याने दाराबाहेरच्या पाटीवर वाचलं असावं. "मी साजरा करत नाही."

हे एखादा परका माणूस म्हणाला असता तर मी त्याला चिक्कू समजून सोडून दिलं असतं. पण आमच्या माणसाने असं म्हटलं की त्याचा अर्थ एकच होतो. घरातलं कोणीतरी गेलंय. पूर्वी लोक वर्तमानपत्रात छापायचे, अमुक यंदा नामदिन साजरा करणार नाहीत आणि भेटीला येणाऱ्यांनी क्षमा करावी. सासरे गेले त्या वर्षी आम्हीही छापलं होतं. माझा सगळा राग विरघळला. मी आणखी काही न विचारता किल्ली त्याच्या हातात दिली.

संध्याकाळी प्रोद्रोमोसला जादा ब्लँकेट देऊन वर पाठवलं. ब्लँकेट हे निमित्त. तो खाली आला तो तोंड लांब करूनच.

"खिडकीशी बसलाय," तो म्हणाला. "चर्चच्या दाराकडे टक लावून."

"विचारलंस का, कोण गेलं?"

"असं सरळ कसं विचारणार? म्हटलं, घरी कोण कोण असतं. तर बायको नाही, मुलं नाहीत. एक बहीण, आर्गिरो. आणि तिचं नाव घेतल्यावर म्हणाला, आज तिचा विषय नको. डोळे पुसले त्याने, आंथुला. मी बघितलं."

"आणखी?"

"रविवारी वरच्या चर्चमध्ये माणसं कधी जमायला लागतात, ते विचारत होता."

झालं. काळा सूट, बहीण, डोळ्यांत पाणी, रविवार आणि चर्च. गेलेल्या माणसाच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना रविवारीच ठेवतात, हे शेंबडं पोरही सांगेल. आता त्याच रविवारी, नाताळचा उपास सुरू व्हायच्या आधी, शहरात लग्नांचीही झुंबड असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या माणसाकडे बघून कोणाला लग्न सुचलं असतं?

"बहिणीचा चाळिसावा आहे," मी म्हटलं.

"मलाही तेच वाटत होतं," प्रोद्रोमोस म्हणाला. त्याला नेहमी मी बोलल्यानंतर वाटत होतं.

मला खरी चिंता लागली ती गव्हांची. चाळिसाव्याला गहू उकडायचे, त्यात साखर, मनुका, बदाम, डाळिंबाचे दाणे घालायचे, ताटात थापून वर पिठीसाखरेचा पांढरा थर द्यायचा आणि त्यावर चंदेरी साखरगोळ्यांनी गेलेल्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढायचं. हे काम घरातल्या बायकांचं. ह्याच्या घरात बाई होती ती एकच, आणि तिच्याच नावाचे गहू करायचे होते. मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि मोठं पातेलं चुलीवर चढवलं. कोणी सांगितलं नव्हतं, पण माझ्या छपराखाली झोपलेल्या माणसाची बहीण गव्हाशिवाय कशी जाईल?

सकाळी ताट घेऊन मी एफ्तेर्पीकडे गेले. आमच्या मागच्या गल्लीत तिचं मिठाईचं दुकान आहे आणि साखरगोळ्यांचं अक्षर तिच्यासारखं कोणाला जमत नाही. दुसरं म्हणजे, एफ्तेर्पीच्या कानावर एखादी गोष्ट घातली की बंदरावर दवंडी पिटायची गरज उरत नाही. मी तिला गरजेपुरतंच सांगितलं, म्हणजे सगळं सांगितलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "एकटा जीव. आणि आज त्याचा नामदिन असून आज त्याच्या दारात कोणी फिरकणार नाही?"

"म्हणून तर आले. नामदिनाला नाही तर दुःखाला म्हणून चार माणसं येऊन बसू देत. कॉफी आणि ब्रँडीचं मी बघते."

"पाठवते," एफ्तेर्पी म्हणाली आणि गोळ्यांची बरणी उघडली.

दुपार व्हायच्या आधी आमची बाहेरची खोली भरली. प्रोद्रोमोसचे सोंगट्यांचे गडी ठेवणीतले काळे कोट घालून आले होते. निवृत्त पोस्टमनने तर काळा टायही लावला होता. मिनास फिरायला जायचं म्हणून जिना उतरून खाली आला आणि सगळे एकदम उभे राहिले. एकेकाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि हळू आवाजात म्हटलं, "तुम्हाला आयुष्य लाभो."

दुःखाच्या घरी आमच्याकडे हेच म्हणतात, आणि नामदिनाच्या शुभेच्छाही ऐकायला जवळजवळ अशाच असतात. मिनास आधी गोंधळला. मग त्याचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"तुम्हालाही लाभो," तो प्रत्येकाला म्हणत होता. "तुम्हालाही. बसा ना."

पोस्टमन त्याच्या शेजारी बसला. "अचानकच झालं म्हणायचं," तो उसासून म्हणाला.

"अगदी अचानक," मिनास म्हणाला. "मला वाटलं होतं इथे आता कोणी ओळखणारही नाही."

"धीर सोडू नका."

"नाही सोडत. तुम्ही सगळे आलात, फार बरं वाटलं. आता दरवर्षी इथेच येईन म्हणतो."

पोस्टमनने घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली. मिनासने दुसरी ब्रँडी घेतली, तिसरी घेतली आणि बोटांनी टेबलावर ताल धरला.

"दुःखाने माणूस असाही होतो," प्रोद्रोमोस माझ्या कानात म्हणाला. "माझा एक मामा हसायलाच लागला होता."

थोड्या वेळाने मिनास स्वयंपाकघराच्या दाराशी आला. मी कॉफी उकळत होते. गाल लाल, डोळ्यांत चमक.

"मी काही करू नका म्हटलं होतं," तो म्हणाला, "आणि तुम्ही ऐकलं नाहीत ते बरं केलंत. कित्येक वर्षांत माझ्या नामदिनाला कोणी आलेलं नाही. इथली माणसं मात्र फार गंभीर झालीत हो. पूर्वी अशी नव्हती."

"अशा वेळी हसणार कोण, किर मिनास? आणि उद्याची काळजी सोडा. गहू झालेत, एफ्तेर्पी अक्षर काढतेय. आम्ही सगळे येणार चर्चला."

"कसले गहू?"

"आर्गिरोचे. चाळिसाव्याचे."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने दाराची चौकट धरली आणि मग चौकटही पुरेना म्हणून तो तिथल्या बटाट्याच्या पोत्यावर बसला.

"आर्गिरो गेली?" तो म्हणाला. "कधी? कोणी सांगितलं तुम्हाला?"

कॉफी उतू गेली. मी गेली तीस वर्षं कॉफी उकळते आहे आणि ती एकदाच उतू गेली, तेव्हा.

"तुम्हीच नाही का..." मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात, साजरा करत नाही."

"साजरा करत नाही, कारण माझ्याकडे येणार कोण?"

"आणि काळा सूट?"

"लग्न आहे उद्या. तिच्या मुलीचं. आर्गिरो बरी आहे ना? नीट सांगा, बाई."

मी तिला ओळखत नाही, तिच्याबद्दल मला काडीचीही माहिती नाही, जे सांगितलं ते सगळं माझ्या डोक्यातून निघालं होतं, हे मी त्याला तीनदा सांगितलं. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. माझी मात्र लाजेने मान वर होईना. मी दार लोटून घेतलं, त्याच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि म्हटलं, आता काय ते सरळ सांगा, कारण आडून विचारल्याचे परिणाम दोघांनीही पाहिले.

सांगण्यासारखं फार नव्हतं. लग्न होतं ती मुलगी त्याची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्याच्या घंगाळाशी मुलीला हातांवर घेऊन उभा होता तो हाच. नाव काय ते पाद्री धर्मपित्याला विचारतो आणि तो जे सांगेल तेच नाव पडतं. नाव ठरलेलं होतं, स्तामातिया. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, रीतच आहे ती. स्तामातिया म्हातारी पहिल्या रांगेत नवा कोट घालून बसली होती, आपलं नाव नातीला मिळताना ऐकायला.

"आमची आई त्याच वसंतात गेली होती," मिनास म्हणाला. "पाद्र्याने विचारलं, नाव काय? मी स्तामातिया म्हणायलाच तोंड उघडलं. आणि बाहेर आलं पोलिक्सेनी. आईचं नाव. मी ते म्हटलं नाही हो, ते आलं. मी सावरून घेईपर्यंत पोर तीन वेळा पाण्यात बुडून वर आली होती आणि पोलिक्सेनी झाली होती. म्हातारी शेजारणीला मोठ्याने म्हणाली, ही कोणाची पोर आहे, आपली केव्हा आणणार?"

मला हसू आवरलं नाही. तोही थोडा हसला.

"सगळे हसले होते. आर्गिरो सोडून. तिला त्याच घरात राहायचं होतं ना. सासूने तिला पुढे काय काय ऐकवलं असेल ते तिचं तिलाच माहीत. तिने मला दारातच सांगितलं, पाण्यातून ते नाव परत काढून आणशील तेव्हाच ह्या घरात पाऊल टाक. मग मी बोटीवर गेलो. नंतर पिरेअसलाच राहिलो."

"आणि एवढ्या वर्षांत एक फोन नाही?"

"केला होता. सासूने उचलला."

"लग्नाचं कळलं कसं?"

"माझ्याबरोबर बोटीवर असलेला एकजण इथे बंदरावर आहे, त्याने सांगितलं. आमंत्रण नाही. तुमच्या त्या खोलीतून चर्चचं दार दिसतं. पोलिक्सेनी बाहेर येईल, तांदूळ उधळतील, तेवढ्यात दिसेल. मग रात्रीच्या बसने मी जाईन."

"खिडकीतून लग्न बघायचं होतं, तर सूट कशाला आणलात?"

"धर्मपिता आहे मी," तो म्हणाला. "खिडकीत उभा राहिलो तरी नीट कपड्यांत उभा राहीन ना."

मला रडू आलं आणि त्याचबरोबर त्याचा इतका राग आला की मी हातातलं फडकं ओट्यावर आपटलं. म्हटलं, उठा, आत्ताच्या आत्ता तिच्याकडे जाऊ, मी येते बरोबर. तो हलेना. लग्नाच्या आदल्या दिवशी तिने तोंडावर दार लावलं तर पोरीच्या आनंदात विरजण, आणि ते तो दुसऱ्यांदा करणार नव्हता. मी समजावलं, ओरडले, पोत्यावरून त्याला ओढलंसुद्धा. बटाटे हलले, माणूस हलला नाही.

आणि मग मला एफ्तेर्पी आठवली. ते अक्षर. त्या दुकानात सकाळपासून येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ते अक्षर बघत असणार आणि एफ्तेर्पी प्रत्येकाला गरजेपुरतं सांगत असणार. मी फोनकडे धावले, पण फोन उचलायच्या आधीच बाहेरचं दार धाडकन उघडलं.

एक बुटकी, जाडसर बाई आत आली. डोक्याला रुमाल, रुमालाखाली उद्याच्या लग्नासाठी नळ्यांवर गुंडाळलेले केस, आणि दोन्ही हातांत माझं गव्हाचं ताट. मागून एफ्तेर्पी, अंगावर दुकानातला एप्रन, धावून धावून दम लागलेला. पुढे तिनेच मला सगळं सांगितलं. लग्नात वाटायचे साखरेचे बदाम न्यायला नवरीची आई दुकानात आली. एफ्तेर्पी तिला सासरच्या आडनावाने ओळखायची, पहिलं नाव कधी विचारायची वेळ आली नव्हती. बाईने ताटातलं अक्षर बघितलं, सहज विचारलं, कोणाचे हो? आणि एफ्तेर्पीने सांगितलं. भाऊ कोण, बहीण कोण, कुठे उतरलाय, किती रडला, सगळं. तिने तर थोडं माझ्यापेक्षा जास्तच सांगितलं.

बाईने ताट सोंगट्यांच्या पटावर ठेवलं, चालू डावावर.

"कुठेय तो?" ती म्हणाली.

"कोण, बाई?" प्रोद्रोमोसने विचारलं.

"ज्याने मला पुरलं तो."

मिनास स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पंचवीस वर्षांचं पाहणं ते, त्याला वेळ लागला.

"चाळिसावा घालतोस माझा?" आर्गिरो म्हणाली. "आणि तोही एवढ्याशा ताटात?"

"आर्गिरो, मी..."

"तू गप्प. तू तोंड उघडलंस की काय होतं ते मला माहीत आहे."

मग मीच मध्ये पडले. चूक माझी आहे असं म्हटलं, म्हणजे माझी आणि प्रोद्रोमोसची. आणि एकदा तोंड उघडल्यावर मी थांबले नाही. काळा सूट सांगितला, खिडकी सांगितली, रात्रीची बस सांगितली, ती गेली असं मी म्हटल्यावर त्याचा चेहरा कसा झाला तेही सांगितलं. मिनास मला खुणा करत होता, मी तिकडे पाहिलंच नाही. पाहुण्याची गुपितं राखावीत हा आमच्या धंद्याचा नियम आहे आणि तो मी त्या दिवशी मोडला, खुशाल मोडला.

"खिडकीतून?" आर्गिरोने विचारलं.

"धर्मपित्याच्या कपड्यांत," मी म्हटलं.

ती खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर घेतली, उघडली, काहीच काढलं नाही, पुन्हा बंद केली. काळ्या कोटातली माणसं आपापल्या बुटांकडे बघत होती.

"सासू गेल्या वर्षी गेली," ती म्हणाली. "शेवटी शेवटी तिला काही आठवायचं नाही. मला ओळखायची नाही, पोटच्या मुलाला ओळखायची नाही. तुझं नाव काय असं डॉक्टरने विचारलं तर गप्प बसायची. तिच्या तोंडात एकच नाव राहिलं होतं, पोलिक्सेनी. पाणी हवं, पोलिक्सेनी. उन्हात बसायचंय, पोलिक्सेनी. मी भरवायला गेले तर मलाही पोलिक्सेनीच म्हणायची. गेली तेव्हाही ओठांवर तेच होतं. मी उशाशी बसले होते आणि मला वाटलं, हे मिनासला सांगायला हवं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुठे सांगणार? तुझा पत्ता होता कोणाकडे? आणि मीच तुला बजावलं होतं ना, नाव परत आणल्याशिवाय येऊ नकोस म्हणून. आता ते नाव राहू दे, तू ये, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?"

एफ्तेर्पी एप्रनने डोळे पुसत होती. पोस्टमनने टाय सैल केला. मला आणखी काही सुचलं नाही, म्हणून जे येतं ते केलं. आत गेले, बशीत चमचाभर अंजिराचा मुरंबा वाढला, पाण्याचा ग्लास ठेवला आणि तबक घेऊन बाहेर आले. नामदिनाच्या दिवशी उंबरा ओलांडून आलेल्या माणसाला, तो भांडायला आला असला तरी, गोड दिल्याशिवाय पाठवता येत नाही. आणि त्यालाही ते नाकारता येत नाही.

मिनासने माझ्या हातातून तबक घेतलं. ज्याचा दिवस त्यानेच द्यावं, बरोबरच होतं. त्याने ते बहिणीपुढे धरलं.

"मी साजरा करत नव्हतो," तो बहिणीला म्हणाला. "पण आलीस, तर घे."

तिने चमचा उचलला आणि तोंडात घातला. गोड खाल्लं की शुभेच्छा द्यावीच लागते.

"खूप वर्षं जग, मिनास," ती म्हणाली. मग घोटभर पाणी प्यायली आणि सुरू झाली. "तुझ्याकडे आज मी न बोलावता आले. उद्या तूही तसाच यायचं. खिडकीत नाही, पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. दाढी नीट कापून. पोलिक्सेनी लहानपणापासून विचारतेय, माझं नाव ठेवणारा कुठे आहे, तिला उत्तर देऊन देऊन मी दमले. पण चर्चमध्ये तोंड उघडायचं नाही तू. पाद्र्याने स्वतः विचारलं तरी."

"नाही उघडणार," मिनास म्हणाला आणि तिथेच सगळ्यांसमोर लहान मुलासारखा रडला. आर्गिरोने पर्समधून रुमाल काढला, त्याचं नाक पुसलं, आणि मग त्याच रुमालाने स्वतःचं.

त्यानंतर त्या खोलीत जो गलका झाला तो विचारू नका. काळे कोट खुर्च्यांवर पडले. प्रोद्रोमोसने ब्रँडीची दुसरी बाटली काढली, मला न विचारता. एफ्तेर्पीने चमच्याने ते अक्षर मोडून साखरेत कालवून टाकलं आणि जाहीर केलं की हे गहू संत मिनासचे आहेत, संतांच्या दिवशीही गहू करतातच, कोणी मनात काही आणू नये. सगळ्यांनी वाट्या पुढे केल्या. आर्गिरोनेही घेतले, चावून बघितले आणि मनुका कमी आहेत म्हणाली. दुसरा कोणताही दिवस असता तर मी तिला उत्तर दिलं असतं.

एवढ्यात दार हळूच उघडलं आणि म्हातारे लाम्ब्रोस आत आले. ते धक्क्यावर जाळी विणतात, बातमी त्यांच्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोचते आणि कानांनी जरा कमीच ऐकू येतं. त्यांनी टोपी काढली, खोलीभर नजर फिरवली. गव्हाचं ताट दिसलं आणि ताटाशेजारी रुमाल बांधलेली, डोळे सुजलेली एक बाई दिसली. ते सरळ तिच्याकडे गेले आणि तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"तुम्हाला आयुष्य लाभो, बाई," ते म्हणाले. "फार वाईट झालं. कोण गेलं?"

"मी," आर्गिरो मोठ्याने म्हणाली आणि त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा. गहू घ्या."